टाचेची जबानी

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. पायांच्या दवाखान्यातली आतली खोली. मी पलंगावर पालथा, उजवा पाय उघडा, टाचेवर थंडगार जेल, आणि डॉक्टरीणबाई विचारतायत, ‘‘काका, दुखतंय का?’’

काका! आता मला सांगा, बाई स्वतः पन्नाशीच्या, चष्मा माझ्यापेक्षा जाड, आणि मी काका? पण ते जाऊ द्या. तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बातमीदारी केली, प्रश्न विचारायचे ते मी, उत्तर द्यायची सवयच नाही हो! त्यामुळे तोंडातून आपलं एकच... ‘‘नाही.’’

हे सुरू कुठून झालं? तर सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा. दहाव्या पावलाला त्याची सुई होते, आणि कचेरीचा जिना म्हणजे... नकोच ती आठवण. त्यात आमचा संपादक! वयाने माझ्या मुलाएवढा, खुर्चीने माझा बाप. म्हणतो कसा, ‘‘सर, एक तारखेपर्यंत जिने चढायला लागलात तर बाहेरच्या बातम्या तुमच्याच. नाहीतर वाचकांच्या पत्रांचं टेबल आहेच की! खिडकीपाशी आहे, वारा छान येतो.’’ वारा! बत्तीस वर्षं लोकांच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि आता मी वारा खात बसू?

म्हणून नाक मुठीत धरून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शॉकवेव्ह. मी म्हटलं, म्हणजे वीज लावणार? ‘‘नाही हो काका, नुसते ठोके. दर मंगळवारी दोन हजार, पाच मंगळवार.’’ दोन हजार! एका टाचेला! अहो, अख्ख्या कारकिर्दीत मी मंत्र्यांना एवढे हाणले नसतील! काउंटरवरच्या मुलीने एक कागद पुढे केला, ‘‘इथे सही, सर,’’ मी केली. संपलं.

घरी आमची ही. ‘‘अहो, तिथे ओरडू नका हं. तुम्ही इंजेक्शनला ओरडता ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं.’’ आणि दर मंगळवारी दहाला माझ्या हातावर दुखण्याची गोळी, वर पाण्याचा पेला, वर पहारा.

मग काय! टकटकटकटक... ‘‘काका, दुखतंय का?’’ नाही. ‘‘इथे?’’ नाही. ‘‘जोर वाढवू?’’ वाढवा! गोळीच्या आतूनही थोडं कळत होतं, खोटं कशाला बोलू, पण दातावर दात दाबून... नाही म्हणजे नाही! चार मंगळवार असे गेले. बाई खूष, ही खूष, फक्त टाच तेवढी होती तिथेच.

पाचव्या मंगळवारी ही बहिणीकडे गेली. गोळी राहिली. टक... एकच टक हो! ब्रह्मांड आठवलं! मी असा ओरडलो की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले म्हणे. आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा? उजळला!

‘‘अहो काका, हीच तर जागा! यंत्राला काय कळतंय? पेशंट सांगेल तिथे ठोके द्यायचे असतात. चार मंगळवार आपण दोन बोटं अलीकडेच ठोकत होतो की!’’ मग आवाज बारीक, ‘‘काका... गोळी घेऊन येत होता का?’’

‘हो’ म्हणून मान हलवली.

‘‘अहो, गोळी चालत नाही! ती दुखणं झाकते, आणि ठोक्यांनी जे काम सुरू व्हायचं तेही अडवते. कागदावर लिहिलंय.’’

लिहिलं होतं! तिसरी ओळ! तळटिपेतून पुलाचा घोटाळा शोधणारा मी, खाली माझी झोकदार सही! आणि कचेरीतल्या नव्या पोरांना मीच शिकवतो, साहेब जिथे ओरडेल तिथे बातमी असते. माझ्याच टाचेपाशी मी तोंड शिवून पडलो होतो.

पण थांबा! माझ्या सहीच्या शेजारी आणखी एक रकाना. ‘वरील माहिती रुग्णास समजावून सांगितली. सही.’ कोरा! झाला ना माझ्यातला बातमीदार जागा! डॉक्टरीणबाईंना विचारलं, कोणी समजावलं? ‘‘ते काउंटरवर सांगतात.’’ लंगडत काउंटरवर गेलो. ‘‘ते आत मॅडम सांगतात, सर.’’ पुन्हा आत. ‘‘काका, बसा बरं. आता पुढच्या मंगळवारपासून पहिल्यापासून सुरुवात, आणि फरक कळायला दोन-तीन महिने.’’

एक तारीख गुरुवारी होती.

आता ही रोज सकाळी विचारते, ‘‘अहो, दुखतंय का?’’ मी खरं ते सांगतो, ‘‘हो.’’ मग कचेरीत येतो, पत्रं उघडतो. वारा छान येतो, संपादक खोटं बोलला नव्हता. कागदाची प्रत खणात आहे, आणि त्या रकान्यात अजून कोणाचीही सही नाही.