पुढचा प्रश्न बाईंचा

सकाळी अकराला विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. धर्मादाय डायलिसिस केंद्र महिनाअखेर बंद होणार होतं आणि आमदारबाई त्याबद्दलच विचारणार होत्या. केंद्रातल्या टीव्हीसमोर बसलेल्या रिक्षावाल्याची बायको आत मशीनवर होती. शेजारी दोन जावा बोलत होत्या.

"ताई, पुढचा प्रश्न आपल्या बाईंचा!"

"आधी हे दोघे भांडायचे थांबू देत."

"आरोग्यमंत्री हसतायत बघा."

"त्यांची मूत्रपिंडं धड आहेत गं."

"उठल्या, बाई उठल्या!"

"आवाज वाढव."

"बसल्या."

"का?"

"तास संपला म्हणे. उत्तर आता लेखी देणार."

"कधी?"

"ते नाही बोलले."

वाहिनीने साबणाची जाहिरात लावली. नर्सने थोरलीला आत बोलावलं.

"जा ताई, आजचं तरी होऊन जाऊ दे."

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं.