सतराव्या माणकाची गोष्ट

...आणि वर काय म्हणावं त्यांनी? "मोजून दाखवा!" मोजून! अहो, मी काय वाटाणे सोलतोय? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, माझ्या टेबलाला कुणाचं कोपर लागलं तरी असा ओरडतो की गिऱ्हाईक दाराबाहेर जाऊन उभं राहतं, आणि हे गृहस्थ सरळ आत आले, स्टूल ओढलं, आणि माझ्या मांडीवर बसायचेच तेवढे बाकी राहिले! पण बोलतो कुणाला? होणारे व्याही! पोरीनं सकाळीच बजावलेलं, "बाबा, घड्याळ हे नुसतं निमित्त आहे, ते तुम्हाला बघायला येतायत. आज ओरडायचं नाही." बरं बाई, नाही ओरडत!

घड्याळ त्यांच्या वडिलांचं, किल्लीचं, बंद पडलेलं, तबकडीवर बारीक अक्षरात 'सतरा ज्वेल्स'. मला कानाशी येऊन सांगतात, "आत सतरा माणकं आहेत. माझ्यासमोर उघडा आणि सतराच्या सतरा जागेवर आहेत ते दाखवा." म्हणजे काय, मी चोर? डोकं असं तापलं माझं! पण ओरडायचं नाही. म्हटलं, "अहो, ही माणकं मिरवायची नसतात. भट्टीत बनवलेली असतात, कामाला जुंपलेली! चाकाच्या दांडीचं टोक सुईपेक्षा बारीक, ते पितळेच्या भोकात फिरलं तर भोक झिजतं, लांबट होतं, चाक डुलायला लागतं, मग वेळ कसली कळतेय! म्हणून त्या भोकात माणिक बसवतात. कडक, गुळगुळीत, झिजायचं नाव नाही, आणि तेलाचा एवढासा थेंब पोटाशी धरून बसतं. दिवसाला चार लाखांवर ठोके पडतात, चार लाख! ते झेलायला ती आत बसलीयत." सगळं ऐकलं त्यांनी, मान डोलावली, आणि म्हणाले, "मग वडील हे घड्याळ पेटीत कुलूप लावून का ठेवायचे?"

अहो, म्हणूनच तर तेल सुकलं! जिभेवर आलेलं, गिळलं. ओरडायचं नाही!

धुतलं, पुसलं, जोडायला घेतलं. बहुतेक खडे पट्टीत घट्ट बसलेले असतात, ते चिमट्यानं दाखवत गेलो आणि हे मोजत गेले, शाळेत हजेरी घेतात तसे. "बारा... तेरा... हा दिसला नाही, पुन्हा दाखवा!" पुन्हा दाखवला. शेवटी राहिला सर्वांत धाकटा, बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या डोक्यावर झाकणासारखा बसतो तो. सुटा असतो. मोहरीच्या दाण्याहून लहान. तो उचलताना मी श्वाससुद्धा घेत नाही, आणि नेमके हे पुढे वाकले, नाक माझ्या मनगटावर, "हाच का सतरा..."

टिच्!

गेला! चिमटा रिकामा! डबीत जुने खडे आहेत, पण त्या मापाचा एकही नाही, आणि सोळावर हे उठले तर? घरी जाऊन काय सांगतील? "मुलीचा बाप हातचलाखी करतो!" आणि माझी पोर... मनातलं कधी बोलत नाही ती, पण या मुलाबद्दल सांगताना आपण होऊन हसली होती. ते हसू माझ्या चिमट्यातून उडालं असं वाटलं मला! खरंच, रडू यायच्या बेतात होतो.

"काही पडलं का?" व्याही विचारतात. ओठ न हलवता, बरं का! म्हटलं, "छे छे, जरा फरशी पुसतो." आणि बसलो खाली! ओलं फडकं फिरवलं, टेबलाखाली शिरलो, पोटावर सरपटलो, त्यांच्या चपलेच्या आजूबाजूलासुद्धा बोटं फिरवली. तेवढ्यात पोर चहा घेऊन आली. "नको," म्हणाले. चहा नको! मुलीनं आणलेला चहा नको! संपलं, म्हटलं, सोयरीक इथेच मोडली. पोरीचा चेहरा पांढरा पडला, ती माझ्याकडे बघते, मी टेबलाखालून तिच्याकडे बघतो...

उठलो. डोळ्याला भिंग तसंच होतं. सहज मान वळवली, आणि काय दिसावं? पांढऱ्याशुभ्र मिशीत, उजव्या बाजूला, लाल ठिपका! सतरावा! आता आली का पंचाईत? सांगितलं तर दचकणार, दचकले की खडा गेला. नाही सांगितलं तर शिंक येणार! आणि तुम्हाला सांगतो, नाकपुड्या फुलायला लागल्याच होत्या! त्यांचा हात मिशीकडे निघाला... थांबला... पुन्हा निघाला... माझ्या घशातून आरोळी सुटणारच होती, "हात खाली!" पोरीनं डोळे वटारले. ओरडायचं नाही! मग अगदी अंगाई म्हणावी तशा आवाजात म्हटलं, "व्याहीबुवा, मिशीला जरा धागा चिकटलाय, काढू का?" त्यांनी गपकन डोळे मिटले. चिमटा पुढे नेला. एक केस धरला... सोडला... धरला खडा! सरळ पाठ फिरवून तेलाचा थेंब, खडा, पट्टी, स्क्रू... आणि सुरू झालं! टिकटिक, टिकटिक! पाठीमागे शिंक फुटली, भिंतीवरची तीन घड्याळं हलली. फुटू दे!

घड्याळ कानाला लावून म्हणाले, "सतरा! पोरी, आण आता तो चहा." प्यायले, बशी पुसल्यासारखी रिकामी केली, "ठरलं आपलं," म्हणाले. पोर आत पळाली. मी भिंतीला टेकलो. सुटलो, म्हटलं.

कसला सुटतोय! दारापाशी गेल्यावर माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणतात, "खडा उडाला तेव्हाच मला कळलं होतं हो. मिशीत गुदगुल्या व्हायला लागल्या ना! पण आमच्या चिरंजीवांनी बजावलंय, सासऱ्यांच्या कामात चूक काढायची नाही. मग बसलो आपला गप्प."

अर्धा तास! अर्धा तास मी फरशीवर पोटानं सरपटत होतो, आणि हे माझा खडा मिशीत घेऊन वरून बघत होते! रक्त असं उसळलं... पण ओरडतो कुणावर? हात जोडले आणि म्हणालो, "फार समजूतदार घर मिळालं हो माझ्या पोरीला!"