बॅटरीवाल्या गाडीत ऐकू आलं ते

डिझेलचा ऑटो चालवत होतो तवा मागची सवारी काय बोलते, मले कधी समजलंच नाही गा. आता बॅटरीवाल्या गाडीत सगळं ऐकू येते.

परवा भंडाऱ्याच्या दवाखान्यापासून एक म्हातारा-म्हातारी बसले. म्हातारी रडून राहिली होती. म्हणे, "आज मोतीबिंदू काढून देत होते, अन् तुमी काहून उठून आले?"

म्हातारा हळूच म्हणे, "भेव लागते वं. आता दिसते तेवढंबी गेलं, तं तुहं तोंड कसं पाहू?"

मले राहवलं नाही. गाडी बाजूले लावली अन् म्हटलं, "बाबाजी, माह्याबी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हाये. साफ दिसते, म्हणून तं तुमाले घेऊन गाडी चालवून राहिलो."

त्यानं जवळ येऊन माह्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मंग म्हणे, "पलटव गाडी."