खिशातला फ्यूज

एसी खोलाच्या आधी मी मेन स्विच पाडतो, हे तर तुमाले मालूम आहे. पवनीले एका घरी तसाच पाडला, स्टुलावर चढलो, तारेले हात लावला अन् झटक्यानं खाली आपटलो. घरची काकू धावत आली.

"अरे बापा! मेन पडला दिसला. तू उकाड्यात काम करून राहिला, पंखा तरी लागन म्हणून मीच चालू केला!"

तवापासून मी फ्यूजच काढून खिशात ठेवतो. काल कारध्याले एका घरी तसाच ठेवला. खोलाच्या आधी टेस्टर लावला, तर पेटला! घरवाले भाऊ मागं उभेच होते.

"तुमचा फ्यूज कुठंतरी पडला वाटते. मी मस्त जाड तार बांधून देल्ली."

मले दुश्मन कोणी नाही गा. या भल्या माणसाइच्याच हातानं मरन मी.