सातवी कुंडी

सन्माननीय अध्यक्ष नारितासान, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते कुदो गुरुजी, आणि बर्फ तुडवत आलेल्या आपल्या शेवंती मंडळाच्या बंधुभगिनींनो,

साकेचे पेले अजून भरलेले नाहीत, तोवर मला बोलू द्या. एकदा ते उचलले गेले, की माझा धीर सुटेल.

आत्ताच गुरुजींनी आपल्या खोपटाची चावी सर्वांदेखत माझ्या हातात दिली. चाळीस वर्षं खपून त्यांनी तयार केलेली पांढरी शेवंती जगात फक्त त्या खोपटातल्या सात कुंड्यांत आहे. गुरुजी उद्या लेकीकडे मियाझाकीला निघाले, कायमचे. तिथे थंडी नाही, आणि कडक थंडी सोसल्याशिवाय ही शेवंती नीट फुलत नाही. म्हणून ती इथेच राहणार. कुणाकडे? तर गुरुजी म्हणाले, "ओसानाईकडे. मी हिवाळाभर दवाखान्यात होतो, तेव्हा हिनेच सातही झाडं राखली."

तुम्ही टाळ्या वाजवल्यात.  पण गुरुजी, मी ती राखली नव्हती.

चार वर्षांपूर्वी छपरावरचा बर्फ ओढताना गुरुजी पडले, खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरूनही मला बजावत होते, "खोडं छाटलीत, वर पेंढा घातलाय. पाणी नको, ऊब नको, लाड तर अजिबात नकोत!" मी तीनदा हो म्हटलं. पण पारा उणे चौदावर गेला आणि मला राहवेना. सहा कुंड्या घरात आणल्या, रॉकेलच्या शेगडीशेजारी मांडल्या, रोज पाणी घातलं. नवरा म्हणाला, "अगं, झाडं आहेत का जावई आलेत?"

आठवड्यात हिरवे फुटवे वर आले. काय सांगू, आनंदाने रडले मी! मग ते नुसतेच लांबत गेले, पिवळे पडले, माव्याच्या किडीने भरले. फेब्रुवारीत सहाही झाडं कुजली. सातवी कुंडी तडकलेली होती, उचलली तर फुटेल म्हणून खोपटातच राहिली होती. तेवढी वाचली. वसंतात तिचेच फुटवे मी सातही कुंड्यांत लावले आणि गुरुजींनी केलेलं कौतुक मान खाली घालून ऐकलं. चार वर्षं ऐकतेय. लाज वाटते मला.

ही चावी टेबलावर ठेवते. झाडं कुणा भरवशाच्या माणसाला द्या, गुरुजी.

थांबा, गुरुजी काहीतरी विचारताहेत. मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. विचारताहेत, "सातवी का मेली नाही?"

तिच्याकडे मी फिरकलेच नव्हते, गुरुजी.

काय म्हणालात? जरा मोठ्याने... "मग उचल ती चावी. यंदा सातही कुंड्यांकडे फिरकू नकोस."

उचलते. हसू नका.

अध्यक्षमहाशय, ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. सकाळपासून चुलीपाशी राबणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मात्र एवढी मेहरबानी करा: मार्चपर्यंत मी त्या खोपटाकडे वळताना दिसले, तर कुणीही माझा हात धरून मला घरी आणून सोडा.