दिव्याला खळं

नणंद : ...आणि मग आईची हाक यायची. ‘मुलींनो, चंद्राला खळं पडलंय गं, पाऊस येणार! सरपण आत घ्या!’ आठवतं का, वहिनी?

भावजय : न आठवायला काय झालं? सरपण मीच आत घ्यायचे. तुम्ही नुसत्या आभाळाकडे बघत उभ्या.

नणंद : तूच तर दाखवायचीस. नवी नवरी, कडेवर लाकडं, आणि म्हणायचीस, ‘वन्सं, बघा, चंद्र विहिरीत पडलाय आणि विहीरच वर गेलीय.’ आत्ता डुलकी लागली ना, तर तीच हाक आली. कानाशी. डोळे उघडले तर दवाखान्याचा हा बाक, ही हिरवी भिंत, आणि समोर चपलांची रांग.

भावजय : झोपा अजून थोडं. खिडकी उघडायचीय.

नणंद : चपलांचं बरं आहे. माणूस थकतं, चप्पल थकत नाही. तिला रांगेत उभं करायचं आणि आपण बाकावर डुलायचं. मला तर वाटतं, आपण सगळे गेलो तरी त्या उभ्या राहतील. एकमेकींना म्हणतील, ‘सरका की पुढं.’

भावजय : काहीतरीच तुमचं. आपली जोडी मी अंधारात येऊन लावलीय. शेवटी का होईना, रांगेत आहे. आज डॉक्टरसाहेबांनी तुमचा डोळा बघितला की ऑपरेशनची तारीख मिळते. उद्या त्यांची बदली. मग नवे साहेब कधी येतात ते देव जाणे, आणि आले की पुन्हा पहिल्या खिडकीपासून.

नणंद : नको गं बाई! पहिल्या खिडकीवर नाव, दुसरीवर रक्तदाब, तिसरीवर साखर. चौथीवर शिक्का होता तर शाई नव्हती. शाई आली तर शिक्केवाला जेवायला गेला. तो ढेकर देत आला तोवर साखर शिळी झाली. ‘पुन्हा तपासून आणा!’

भावजय : शिळी नव्हे, जुनी म्हणाला तो.

नणंद : मला शिळीच ऐकू आली. आणि मागच्या खेपेला सकाळभर दातांच्या डॉक्टरच्या दाराशी बसलो ते? आत गेले तर म्हणतात, ‘आ करा.’ म्हटलं, डॉक्टर, माझा डोळा अजून तोंडात नाही उतरला.

भावजय : हसू नका. दारावरच्या पाट्या बदलल्या होत्या.

नणंद : पाट्या बदलल्या होत्या. हं.

भावजय : हं काय?

नणंद : काही नाही. थांब, एक ओवी सुचतेय.
‘दवाखान्याच्या दारी, ऊन भिंतीला टेकलं,
नंबर माझा बाई, कुण्या चपलेत झोपलं.’

भावजय : नंबर झोपला, की झोपलं?

नणंद : ओवीत चालतं. आईच्या ओवीत तर डोंगरसुद्धा रडायचा. तू चूक काढायला बसलीस की जाऊबाईच वाटतेस.

भावजय : जाऊ असते तर चूल वेगळी झाली असती. नणंद होतात म्हणून निभावलं.

नणंद : मी सासरहून परत आले तेव्हा सगळा गाव म्हणाला, आता भावजय हिला उभी करत नाही. आणि तू काय केलंस? माझ्या हातातलं बोचकं घेतलंस आणि म्हणालीस, ‘वन्सं, कोपऱ्यातली खाट तुमची. मात्र घोरायचं नाही.’

भावजय : ते शेवटचं कुठं पाळलंत?

नणंद : वहिनी, तुझ्या मुलाचा फोन आला होता ना परवा? माझ्याबद्दल काय म्हणाला?

भावजय : तेच. ‘आई, तुला धड दिसतंय तोवर दोघी राहा. आत्याला तू सांभाळतेस म्हणून मी गप्प आहे. तुझंही कमीजास्त झालं, तर घराला कुलूप. तुला मी इकडे घेऊन येईन आणि आत्याला...’

नणंद : आत्याला कुठं?

भावजय : आत्यासाठी कुठलीशी चांगली जागा बघितलीय म्हणे. बाग आहे. वेळच्या वेळी जेवण. आपल्यासारख्या पुष्कळ बायका.

नणंद : आपल्यासारख्या नव्हे, माझ्यासारख्या. तू तिथं नसशील.

भावजय : अशी वेळच येणार नाही. मी आहे ना खणखणीत. आज तुमचा डोळा मार्गी लागू दे, मग दोघींना मिळून चार डोळे. कुलूप लावायला येऊ दे त्याला, चावीच देणार नाही.

नणंद : बघ, दारातलं ऊन फरशीवर पाण्यासारखं पसरलंय. चपला तरंगताहेत असं वाटतं. पलीकडे कुणीतरी उतरवून घ्यायला उभं असेल.

भावजय : पलीकडे शिपाई उभा आहे. आला बघा चिठ्ठ्या वाटत.

शिपाई : चला, चला, आपापल्या जोडीशी उभे राहा! एक जोडी, एक चिठ्ठी! ओ आजोबा, ती काठी काढा रांगेतून. काठीला कधी मोतीबिंदू होतो का? शेवटच्या राहिल्यात आता चिठ्ठ्या, घाई नको. ही कुणाची? बरं. ही? घ्या. आणि ही शेवटची... ही काय भानगड आहे?

भावजय : आमची आहे, दादा. या माझ्या नणंदबाई, यांचा डोळा दाखवायचाय. द्या चिठ्ठी.

शिपाई : आजी, यातली एक निळी आहे, एक तपकिरी. एक पट्ट्याची, एक अंगठ्याची. ही जोडी कुठली? ही तर दोन माणसं झाली.

भावजय : निळी? अंधार होता हो. घाईत उचलल्या.

शिपाई : अंधार होता, पण हाताला तरी कळायला हवं की नाही? आणि आता तर उजाडलंय! सकाळपासून समोर बसलाय तुम्ही. एवढ्या वेळात दिसलं नाही?

नणंद : दिसलं. मला दिसलं, दादा. माझा एक डोळा मोतीबिंदूनं झाकलाय, दुसऱ्यानं निळं-तपकिरी कळतं अजून. मी बसल्या बसल्या बघत होते.

भावजय : मग बोलला का नाहीत, वन्सं? बदलून आले असते!

नणंद : तू कधी बघतेस याची वाट बघत होते.

शिपाई : तुमचं घरगुती नंतर. माझ्याकडे एकच चिठ्ठी उरलीय. अर्ध्या अर्ध्या चपलांना अर्धी अर्धी चिठ्ठी देता येत नाही. साहेब दुपारी निघणार. यातली कुठली चप्पल पेशंटची, ते सांगा.

भावजय : तपकिरी. तपकिरी यांची.

नणंद : निळी लिहा, दादा.

भावजय : निळी माझी आहे!

नणंद : म्हणूनच.

भावजय : वन्सं, भलतं बोलू नका. आपण इथे तुमच्यासाठी हेलपाटे घातले. मला काय झालंय?

नणंद : चहात मीठ पडलं तेव्हा म्हणालीस, घशाला बरं असतं. मी प्यायले ना? सुईत दोरा ओवायला शेजारची पोर बोलावतेस आणि म्हणतेस, तिला शिवण शिकवतेय. दातांच्या डॉक्टरसमोर बसवलंस, मी बसले. पायरी आली की माझा हात घट्ट धरतेस. लोकांना वाटतं, भावजय नणंदेला सांभाळतेय. पायरी कुठं आहे हे तुला माझ्या हातावरून कळतं, वहिनी.

भावजय : हळू बोला. लोक ऐकतात.

नणंद : ऐकू देत. मी मुद्दाम गप्प होते. कुलपाची भीती तुला होती तशी मलाही होतीच की. वाटलं, तू लपवतेस, मी झाकते, चाललंय ते चालू दे. पण आज त्या चपला बघितल्या आणि म्हटलं, आता पुरे. उद्या अशीच चुलीवरचं पातेलं समजून जाळ उचलशील.

भावजय : आणि तुमचा डोळा?

नणंद : माझ्या मोतीबिंदूचं फळ अजून पिकायचंय. माहितीचा आहे तो अंधार, रोज भेटतो, ओळख झालीय. नवे साहेब येतील तेव्हा येऊ पुन्हा. तू वाचशील पाट्या. खऱ्या.

भावजय : मुलाला कळलं तर?

नणंद : कळू दे. त्याला सांगू, कुलूप लावायचं तर आम्हा दोघींना आत ठेवून लाव.

शिपाई : आजी, मला वरून हाका मारतायत. कुणाचं नाव? आणि काय होतंय तेही सांगा, साहेबांना चिठ्ठीवर लिहून लागतं.

नणंद : नाव मी सांगते. काय होतंय ते तिला सांगू द्या.

(भावजय हात पुढे करून अंदाजाने दोन्ही चपला उचलते आणि छातीशी धरते.)

शिपाई : बोला, आजी. लिहू काय?

भावजय : लिहा... दिव्याला खळं पडतं.

शिपाई : काय पडतं?

भावजय : खळं हो. चंद्राला पडतं तसं. पाऊस नसला तरी. संध्याकाळी दिवा लावला की भोवती मोठं रंगीत कडं उभं राहतं, आणि रोज थोडं थोडं आत सरकत येतं. वन्सं त्याच्या पलीकडे बसलेल्या असतात. ओव्या म्हणतात, हसतात, मी हुंकार देते. पण दादा, हिवाळ्यापासून त्यांचं तोंड दिसलेलं नाही मला.