रोजची कोरी पहाट

शाल्मली : रोज? आई, छातीवरची ती पट्टी तुम्ही रोज काढून ठेवत होतात?

श्यामला : चप्पल तरी काढ आधी. हॉस्पिटलातून आल्या आल्या सासूवर ओरडतेस. पलीकडे सौम्याच्या घरी ऐकू जातंय.

शाल्मली : जाऊ दे! डॉक्टरांनी पट्टीतला हृदयाचा आलेख दाखवला तेव्हा मला वाटलं, मशीनच बिघडलं. दिवसभर नीट, रात्रभर नीट, आणि रोज पहाटे कोरं. तुम्ही शेजारी बसून पदराशी चाळा करत होतात.

श्यामला : मग? प्लास्टिक अन् डिंक छातीला चिकटवून मडीत जाऊ? तुमच्या पुण्यात सोवळं म्हणतात ना, तेच. स्वल्प वेळच काढत होते. न्हायचं, तुळस, देवपूजा. झालं की परत चिकटवायचं.

शाल्मली : एका हाताने? उजवा अजून वर जात नाही तुमचा. कोण चिकटवायचं?

श्यामला : तू आधी पाणी पी.

शाल्मली : अद्वैत?

श्यामला : माझ्या लेकाला काही बोलायचं नाही. मीच शपथ घातली होती.

शाल्मली : वा! म्हणजे घरात मी एकटीच मूर्ख. आई, तोंड वाकडं झालं होतं तुमचं. पाणी मागायला गेलात नि भलतंच बोललात. झटका कशाने आला, कुणालाच सापडेना. मानेच्या नसा स्वच्छ, बीपी बरं. शेवटी डॉक्टरांच्या संगणकातल्या त्या प्रोग्रॅमने तुमचा साधा ईसीजी वाचून सांगितलं, हृदय मधूनच ताल सोडत असणार. तेव्हाच गुठळी होते आणि वर मेंदूत जाते. ते पकडायला पट्टी होती!

श्यामला : त्याला इतकं कळतं तर पट्टी कशाला? द्यायची गोळी.

शाल्मली : नुसत्या अंदाजावर रक्त पातळ करत नाहीत. आत रक्तस्राव झाला तर? ताल चुकताना दिसला, की देणार. नाही दिसला, तर काय? पुढच्या झटक्याची वाट बघायची? तो हातावरच थांबेल असं वाटतं तुम्हाला?

श्यामला : आणि मला विचारलं कुणी? तू, अद्वैत, तो डॉक्टर, तिघांनी डोक्यावरून इंग्रजी फेकलंत. वर "अम्मा, ओके ना?" ओके! लग्न होऊन ह्या बसवनगुडीत आले तेव्हापासून समई चुकली नाही माझी. हॉस्पिटलात होते तेवढीच. घरी आले ती डाव्या हाताने लावली. ती सोडायची हे तुम्ही ठरवणार?

शाल्मली : सोडा कुठे म्हटलं? सांगायचं होतं! देवाला पट्टी चालली नसती?

श्यामला : देवाचं मला शिकवू नकोस! तो येतो त्याच वेळेला मी हे अंगावर घालून बसू?

शाल्मली : कोण येतो?

श्यामला : काही नाही.

शाल्मली : आई. कोण येतं?

श्यामला : समई लावली, की छातीत होतं मला. ओंजळीत पाखरू धरावं तसं. फडफड, फडफड, मग थांबतं. पाय हलके होतात. रोज नाही. पण बरीच वर्षं. ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं की जातं.

शाल्मली : पहाटेच? गार पाण्याने न्हाऊन, उपाशीपोटी?

श्यामला : हं.

शाल्मली : अहो, डॉक्टर दर वेळी हेच विचारत होते! छातीत काही होतं का? आणि तुम्ही "इल्ला, इल्ला" म्हणत मान हलवत होतात!

श्यामला : तो दुखण्याचं विचारत होता. हे मी कधी दुखणं मानलंच नाही. आता म्हण. देव नव्हता, रोग होता, म्हण. म्हण की!

शाल्मली : नाही म्हणणार.

श्यामला : का? मघापासून तर सगळं कळत होतं तुला.

शाल्मली : मला तुम्ही हव्या आहात. रागावलेल्या चालतील.

(श्यामला देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येते.)

श्यामला : सरी, ठीक आहे. आण नवी पट्टी. पण ती असेतो मी मडीत नाही. समईला शिवणार नाही. तू न्हाऊन ये, तू लाव. मी उंबऱ्याबाहेर बसते.

शाल्मली : मला जमेल?

श्यामला : चुकलीस तर ओरडेन. ओरडणं काय तुम्हा पुण्याच्यांनाच येतं?

शाल्मली : आणि ते छातीतलं झालं, तर लगेच सांगायचं.

श्यामला : सांगेन. नाही झालं, तरी सांगेन.